संगणक आणि नेटवर्क सुरक्षेचं पदव्युत्तर शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर अभ्यासक्रमात हॅकिंग शिकवतात का?

शिकवतात, कारण हल्ला स्वतः करून पाहिल्याशिवाय बचाव कळत नाही. पण परीक्षेत आणि प्रबंधात तपासतात ते वेगळंच: ही यंत्रणा कशाच्या भरवशावर सुरक्षित म्हटली जाते आणि तो भरवसा कुठे तुटतो. नोव्हेंबर १९८८ मधला मॉरिस वर्म (इंटरनेटवर आपोआप पसरलेला प्रोग्राम) हे त्याचं जुनं पण अजून उपयोगी उदाहरण. 'फिंगर' या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेतल्या ५१२ बाइटांच्या बफरमध्ये (इनपुट ठेवायच्या जागेत) लांबी न तपासता इनपुट वाचलं जात होतं. 'सेंडमेल' या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्राममध्ये डीबगची सोय उघडी राहिली होती. पासवर्ड सहज ताडता येण्यासारखे होते. शिवाय एक यंत्र दुसऱ्यावर पासवर्डाशिवाय विश्वास टाकत होतं. या चारही ठिकाणी कुणीतरी काहीतरी गृहीत धरलं होतं, आणि ते गृहीतक कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. पदव्युत्तर शिक्षणाचा बराच भाग अशी न लिहिलेली गृहीतकं शोधण्यात जातो. तयार टूल चालवणं त्यामानाने आठवड्याभरात जमतं.

प्रवेशाआधी काय यायला हवं?

ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटा स्ट्रक्चर आणि थोडी संभाव्यता. गुणपत्रिकेपेक्षा ही चाचणी खरी: कोरा कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. फंक्शनला कॉल गेल्यावर स्टॅकवर काय काय आणि कुठल्या क्रमाने जातं? ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पहिला मजकूर येईपर्यंत कोणती पॅकेटं कुठे जातात? एखादी प्रोसेस फाइल उघडते तेव्हा परवानगी कोण तपासतं, आणि नेमकं कधी? जिथे पेन अडेल तिथून अभ्यास सुरू करा. सुरक्षेचा विषय या तिन्हींच्या डोक्यावर बसलेला आहे. पाया कच्चा असेल तर दुसऱ्या आठवड्यातच दम लागतो.

सी भाषा अजूनही लागते?

वाचता यायलाच हवी. कर्नल, नेटवर्क स्टॅक आणि क्रिप्टोच्या लायब्रऱ्या आजही मोठ्या प्रमाणावर सीमध्ये आहेत. असेंब्लीची धास्ती घेऊ नका. वीसेक सूचना ओळखू आल्या की बहुतेक फंक्शनांचा अर्थ लागतो. स्क्रिप्टसाठी पायथन पुरतं. रस्टमुळे मेमरीचे दोष खूप कमी होतात, पण परवानगी तपासायचीच विसरलात तर कंपायलर त्याबद्दल काही बोलत नाही.

गणित किती लागतं?

सुरक्षेच्या बाकी शाखांत बेताचं, क्रिप्टोग्राफीत बरंच. मॉड्युलर अंकगणित, ग्रुप आणि फील्ड यांची ओळख, आणि संभाव्यता. यातली संभाव्यताच सर्वांत जास्त ठिकाणी आडवी येते. जन्मदिवसाचा विरोधाभास नीट समजला (२३ माणसांत दोघांचा जन्मदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त) की १२८ बिटांच्या हॅशमध्ये (मजकुराच्या ठरावीक लांबीच्या ठशात) टक्कर, म्हणजे एकच ठसा असलेले दोन मजकूर, शोधायला साधारण २ चा ६४ वा घात एवढे प्रयत्न का पुरतात हे वेगळं शिकावं लागत नाही.

विद्यार्थी खरे अडखळतात ते रिडक्शनच्या सिद्धतेत, आणि बहुतेकांची चूक दिशेची असते. 'ही योजना कुणी फोडली, तर त्याच माणसाला वापरून मी अमुक कठीण गणित सोडवून दाखवतो' असा तो युक्तिवाद आहे. अर्धा वर्ग नेमकं उलट लिहितो: गणित सुटलं तर योजना फुटते. ते खरं असलं तरी त्यातून योजना सुरक्षित असल्याचं काहीच सिद्ध होत नाही. सिद्धता लिहायला बसण्याआधी कोण कुणाला काय पुरवतो हे बाणांनी काढून घ्या.

'स्वतःची क्रिप्टोग्राफी लिहू नका' असं सांगतात, मग असाइनमेंटमध्ये तीच का लिहायला लावतात?

का लिहू नये हे हाताला कळावं म्हणून. पॅडिंग ओरॅकलचा हल्ला घ्या. (पॅडिंग म्हणजे शेवटचा ब्लॉक पूर्ण भरायला जोडलेले बाइट: एक जोडला तर त्याचं मूल्य १, दोन जोडले तर दोन्हींचं २.) सर्ज व्होदने यांनी तो २००२ साली मांडला. सीबीसी पद्धतीने (प्रत्येक ब्लॉक आधीच्या ब्लॉकशी जोडून) एन्क्रिप्ट केलेला मजकूर सर्व्हरकडे पाठवायचा. पॅडिंग बरोबर आहे की चूक एवढंच सर्व्हर सांगतो. या एका बिटावर मूळ मजकूर एकेक बाइट करून बाहेर येतो. एका बाइटला जास्तीत जास्त २५६ प्रयत्न, १६ बाइटांच्या ब्लॉकला ४,०९६, सरासरीने त्याच्या निम्मे. एईएसला, म्हणजे मूळ सायफरला, हातसुद्धा लागत नाही. घोळ होतो तो चुकीचा संदेश वेगळा दिसण्यामुळे.

या असाइनमेंटमध्ये हमखास अडकण्याची एक जागा आहे. शेवटचा बाइट शोधताना 'पॅडिंग बरोबर' असं उत्तर आलं म्हणजे तो बाइट १ झाला, असं सगळे धरतात. पण त्याच्या आधीचा बाइट योगायोगाने २ असेल, तर शेवटचा २ झाल्यावरही पॅडिंग बरोबरच ठरतं. उत्तर आलं की शेवटून दुसरा बाइट बदलून पुन्हा विचारा. तरीही 'बरोबर' आलं तरच पुढे जा. हा तपास नसलेला कोड बहुतेक वेळा चालतो, आणि कधीतरी न समजणारा कचरा देतो.

दुसरा धडा नॉन्सचा, म्हणजे एकदाच वापरायच्या आकड्याचा. जीसीएम या एन्क्रिप्शनच्या पद्धतीत एकाच किल्लीखाली एकच नॉन्स दोनदा वापरला, तर दोन्ही सायफरटेक्स्टचा (एन्क्रिप्ट केलेल्या मजकुरांचा) एक्सॉर (बिट वेगळे तिथे १) म्हणजेच दोन्ही मूळ मजकुरांचा एक्सॉर. एवढ्यावर भागत नाही. संदेशाची सत्यता तपासणारी आतली किल्लीही हाती लागू शकते आणि खोटे संदेश घडवता येतात. नॉन्स ९६ बिटांचा आणि यादृच्छिक निवडलेला असेल, तर एका किल्लीखाली २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी, एवढ्याच संदेशांची मर्यादा मानकात आहे. ईसीडीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीत यादृच्छिक आकडा पुन्हा वापरणं तर आणखी महागात पडतं, थेट खाजगी किल्लीच निघते. प्लेस्टेशन ३ च्या सह्या करण्याची किल्ली २०१० मध्ये अशीच बाहेर आली. अल्गोरिदम शाबूत होता. 'हा आकडा दर वेळी नवा असेल' हे गृहीतक मोडलं.

घरच्या लॅबसाठी कसलं यंत्र लागतं?

१६ जीबी रॅम असेल तर तीन व्हर्च्युअल मशीन आरामात चालतात: हल्लेखोर, बळी आणि मधला राउटर. ८ जीबीत दोन चालतील, तेही ग्राफिकल डेस्कटॉप न टाकता. डिस्कवर ८०–१०० जीबी मोकळी ठेवा, कारण स्नॅपशॉट हळूहळू फुगतात.

नेटवर्कची मांडणी मात्र विचार करून करा. ब्रिज्ड (थेट खऱ्या नेटवर्कला जोडलेलं) ठेवलंत तर तुमचे खोटे एआरपी संदेश (कुठला आयपी पत्ता कुठल्या कार्डाचा हे सांगणारे) खऱ्या नेटवर्कवर जातात आणि घरातल्या किंवा वसतिगृहातल्या सगळ्यांचं इंटरनेट बंद पडतं. लॅबच्या मशीनांना फक्त अंतर्गत किंवा होस्ट-ओन्ली नेटवर्क द्या. पॅकेज उतरवायचं असेल तेव्हाच नॅट (होस्टमार्फत इंटरनेट) जोडा, काम झालं की काढा. मालवेअरचा नमुना तपासणार असाल तर शेअर्ड फोल्डर आणि क्लिपबोर्डही बंद करा. आणि नमुना उघडल्यानंतर नव्हे, उघडण्याआधी स्नॅपशॉट घ्या. हे सांगावं लागतं.

बफर ओव्हरफ्लो (बफरपेक्षा जास्त लिहून प्रोग्रामचा ताबा घेणं) जीडीबी या डीबगरमध्ये चालतो, बाहेर चालवला की 'सेगमेंटेशन फॉल्ट' येतो. असं का?

या विषयातला बहुधा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. कारणं अनेक आहेत; खालच्या क्रमाने तपासत जा.

पहिलं कारण म्हणजे पत्ते. जीडीबी स्वतःहून पत्त्यांचं यादृच्छिकीकरण, म्हणजे एएसएलआर, बंद करतं. बाहेर ते चालूच असतं, त्यामुळे स्टॅक दर वेळी नव्या जागी असतो. सुरुवातीच्या लॅबमध्ये ते कर्नलच्या सेटिंगमधून शून्य करायचं असतं. ते केलं तरी फरक राहतोच, कारण जीडीबी एन्व्हायर्न्मेंटमध्ये ओळी आणि रकाने यांची दोन व्हेरिएबल घालतं आणि प्रोग्राम पूर्ण पाथने चालवतं. ही अक्षरं स्टॅकच्या वरच्या टोकाला बसतात आणि तुमचा बफर काही बाइट खाली सरकतो. दोन्हीकडे एन्व्हायर्न्मेंट रिकामं करा, प्रोग्राम पूर्ण पाथनेच चालवा. किंवा बाहेर कोसळल्यावर पडलेली कोअर फाइल उघडून खरा पत्ता पाहा. पुढे नॉप (काहीच न करणाऱ्या) सूचनांची घसरगुंडी ठेवली की थोडाफार फरक पचतो.

दुसरं, कंपायलरने लावलेलं संरक्षण. स्टॅक कॅनरी (परतीच्या पत्त्याआधी ठेवलेलं पहाऱ्याचं मूल्य), कोड न चालवता येणारा स्टॅक, पीआयई (प्रोग्रामचा कोडही दर वेळी नव्या पत्त्यावर). कॅनरी असेल तर सहसा 'स्टॅक स्मॅशिंग'चा स्पष्ट संदेश येतो. स्टॅकवरचा कोड चालवायला बंदी असेल तर पत्ता अगदी बरोबर असूनही पहिल्याच सूचनेवर प्रोग्राम पडतो. जीडीबीत पाहिलं तर सूचनांचा निर्देशक नेमका तुमच्या शेलकोडवर (घुसवलेल्या कोडवर) उभा दिसतो. ही खूण लक्षात ठेवा.

तिसरं कारण शून्य बाइट. ६४ बिटांच्या पत्त्याचे वरचे दोन बाइट शून्य असतात आणि स्ट्रिंग कॉपी करणारं फंक्शन शून्य दिसताच थांबतं. त्यामुळे पत्ता पेलोडच्या (हल्ल्यासाठी पाठवलेल्या इनपुटच्या) अगदी शेवटी ठेवावा लागतो. मध्ये ठेवलात तर पुढचं काही पोचतच नाही.

चौथं कारण रिटर्न-टू-लिबसी करणाऱ्यांना, म्हणजे स्वतःच्या कोडऐवजी लायब्ररीतलं फंक्शन चालवणाऱ्यांना, छळतं. सगळं बरोबर असतं, नियंत्रण 'सिस्टिम' फंक्शनच्या आत पोचतं, आणि तिथेच 'मूव्हएपीएस' नावाच्या सूचनेवर प्रोग्राम कोसळतो. या सूचनेला स्टॅक १६ बाइटांच्या सीमेवर लागतो. तुमच्या साखळीने तो ८ ने सरकवलेला असतो. साखळीत आधी एक रिकामा 'रेट' (फंक्शनमधून परतण्याची सूचना) घाला, काम होतं.

आणि शेवटी, शेल मिळाला पण रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) नाही अशी तक्रार. डॅश आणि बॅश हे शेल खरा आणि प्रभावी वापरकर्ता वेगळा दिसला की जादा अधिकार सोडून देतात. शेल उघडण्याआधी शेलकोडमध्ये वापरकर्ता क्रमांक शून्य करून घ्या. डीबगरखाली तर सेट-यूआयडी (मालकाच्या अधिकारांनी चालणाऱ्या) प्रोग्रामला वरचे अधिकार मिळतच नाहीत, त्यामुळे तिथे रूट दिसण्याची वाट पाहू नका.

वायरशार्क या पॅकेट पकडणाऱ्या टूलमध्ये आपल्याच यंत्रातून गेलेल्या पॅकेटांचा चेकसम (चूक ओळखणारा आकडा) चुकीचा दिसतो. हल्ला झालाय का?

नाही. चेकसम भरण्याचं काम नेटवर्क कार्डाकडे सोपवलेलं असतं, आणि वायरशार्क पॅकेट कार्डाकडे जाण्याआधी पकडतं. १,५०० बाइटांची मर्यादा असताना २०–३० हजार बाइटांचं पॅकेट दिसतं तेही याच जातीचं: तुकडे करण्याचं काम कार्ड करणार असतं. मोजमापावर निष्कर्ष अवलंबून असेल तर या सोयी बंद करून पुन्हा पकडा, आणि बंद केल्या होत्या हे अहवालात लिहा.

खोटी पॅकेटं बनवण्याच्या लॅबमध्ये काय काय बिघडतं?

स्कॅपी या पॅकेट बनवणाऱ्या टूलने हाताने टीसीपी जोडणी करायला गेलात की तिसऱ्या पॅकेटाआधीच जोडणी तुटते. कारण तुमच्याच कर्नलने ती तोडलेली असते: समोरून होकाराचा सिन-अ‍ॅक आला, पण असा सॉकेट आपण उघडल्याचं कर्नलला माहीतच नाही, म्हणून त्याने आरएसटी (जोडणी तोडण्याचा संदेश) पाठवला. बाहेर जाणारे आरएसटी फायरवॉलच्या नियमाने त्या लॅबपुरते अडवा.

पकडलेलं पॅकेट बदलून पुन्हा पाठवताना लांबी आणि चेकसमची जुनी मूल्यं पुसून टाका, म्हणजे स्कॅपी ती नव्याने काढेल. नाहीतर समोरचं यंत्र पॅकेट गुपचूप टाकून देतं आणि तुम्ही दोन तास भलतीकडेच दोष शोधत बसता. एआरपी फसवणुकीत मधल्या यंत्रावर आयपी फॉरवर्डिंग चालू केलं नाही, तर ऐकण्याऐवजी बळीची जोडणीच बंद पडते.

डीएनएसच्या विषबाधेची (संकेतस्थळाच्या नावाला खोटा आयपी पत्ता चिकटवण्याची) लॅब करताना एक गोष्ट समजून करा. डॅन कॅमिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवलेल्या हल्ल्याआधी अनेक रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधून देणारे सर्व्हर) एकाच स्थिर पोर्टवरून विचारणा करत. हल्लेखोराला फक्त १६ बिटांचा क्रमांक, म्हणजे ६५,५३६ शक्यता, ताडायच्या होत्या, आणि अस्तित्वात नसलेली नवनवी नावं विचारून तो हवे तेवढे प्रयत्न करू शकत होता. पोर्ट यादृच्छिक केल्यावर ताडायचं एकूण प्रमाण ३२ बिटांच्या जवळ गेलं. लॅबमध्ये पोर्ट मुद्दाम स्थिर ठेवतात आणि डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरची सही) बंद करतात. तुमचा हल्ला या दोन सवलतींवर उभा आहे, हे अहवालात लिहिणारे फार थोडे असतात.

प्रत्येक अहवालात 'थ्रेट मॉडेल' मागतात. तिथे नेमकं काय लिहायचं?

पान भरायची गरज नसते. पण चार गोष्टी हव्यात. काय जपायचंय. हल्लेखोराला काय करता येतं: नुसतं ऐकता येतं, पॅकेट बदलता येतं, की तो यंत्रणेचाच नोंदणीकृत वापरकर्ता आहे? त्याला काय करता येत नाही असं तुम्ही धरलंय. आणि कुठल्या घटकांवर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवलाय. 'हल्लेखोर शक्तिमान आहे' हे वाक्य खोडा. त्यातून काहीच ठरत नाही.

तिसरा मुद्दा टाळला जातो आणि खरा कस तिथेच लागतो. नीडहॅम आणि श्रोडर यांचा सार्वजनिक किल्लीचा प्रोटोकॉल १९७८ सालचा. १९९५ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी, गॅव्हिन लोव यांनी त्यात मधल्या माणसाचा हल्ला दाखवला. गणित कुठेच चुकलेलं नव्हतं. संवादात भाग घेणारे सगळे प्रामाणिक असतील असं आधी धरलेलं होतं. लोव यांनी हल्लेखोरालाच एक रीतसर सहभागी केलं. ॲलिस (दोन बाजूंना ॲलिस आणि बॉब म्हणण्याची प्रथा आहे) त्याच्याशी बोलायला गेली आणि त्याने तेच संदेश पुढे बॉबला पाठवून आपण ॲलिस असल्याचं भासवलं. दुसऱ्या संदेशात उत्तर देणाऱ्याचं नाव घातलं की हल्ला बंद होतो. आज टॅमरिन किंवा प्रोव्हेरिफ या प्रोटोकॉल तपासणाऱ्या टूलमध्ये हा प्रोटोकॉल उतरवून तोच हल्ला यंत्राकडून शोधून घेणं ही एका दुपारची असाइनमेंट आहे. करून पाहा, नंतर स्वतःचं थ्रेट मॉडेल लिहिताना हात आपोआप सावध होतो.

शोधनिबंध कोणते आणि कसे वाचायचे?

चार मोठ्या परिषदांपासून सुरू करा: आयईईईची सिक्युरिटी अँड प्रायव्हसी (१९८० पासून, जुनी मंडळी तिला नुसतं 'ओकलंड' म्हणतात), यूझनिक्स सिक्युरिटी, एसीएमची सीसीएस आणि एनडीएसएस. क्रिप्टोग्राफीसाठी क्रिप्टो आणि युरोक्रिप्ट. जुन्यांपैकी सॉल्टझर आणि श्रोडर यांचा १९७५ चा निबंध चुकवू नका. कमीत कमी अधिकार, पूर्ण तपासणी अशी आठ तत्त्वं त्यात आहेत आणि आजच्या बहुतेक दोषांचं मूळ त्यातल्या कुठल्या तरी तत्त्वाच्या उल्लंघनात सापडतं.

वाचताना सारांश झाला की थेट थ्रेट मॉडेल आणि मूल्यमापन या भागांवर जा. मधली रचना नंतर. मूल्यमापनात हल्लेखोराला बचाव माहीत होता का, हे पाहा. बचाव माहीत नसलेल्या हल्लेखोराविरुद्ध जवळपास काहीही चालतं. आठवड्याला दोन निबंध नीट वाचा आणि प्रत्येकावर अर्धं पान टिपण ठेवा. प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहिताना ही टिपणं सोन्याच्या मोलाची ठरतात.

'मशिन लर्निंगने घुसखोरी ओळखणे' हा प्रबंधाचा विषय चांगला आहे का?

घेऊ शकता, पण हा विषय सोपा दिसतो म्हणून निवडला जातो आणि तिथेच फसतो. नेहमीचा आराखडा असा: तयार डेटासेट उतरवायचा, पाच अल्गोरिदम लावायचे, ९९ टक्के अचूकतेचा तक्ता छापायचा. परीक्षकाच्या एका प्रश्नात हे पडतं.

आधी हिशेब पाहा. दिवसाला १० लाख घटना, त्यांतल्या १० खऱ्या हल्ल्याच्या. तुमची यंत्रणा ९९ टक्के हल्ले पकडते आणि निर्दोष घटनांपैकी फक्त ०.१ टक्क्यावर चुकीची घंटा वाजवते. म्हणजे रोज सुमारे १० खऱ्या आणि १,००० खोट्या सूचना. शंभरातली एकच खरी. तिसऱ्या दिवसापासून कुणी त्या सूचना उघडत नाही. निम्म्या सूचना खऱ्या हव्या असतील तर चुकीच्या घंटेचं प्रमाण ०.००१ टक्क्यापर्यंत खाली यायला हवं. स्टेफन ॲक्सेलसन यांनी हा मुद्दा १९९९ मध्येच मांडला होता. तरीही नुसत्या अचूकतेचे तक्ते येतच आहेत.

मग डेटासेट. केडीडी ९९ हा संच १९९८ च्या कृत्रिम रहदारीतून बनवलेला. त्याच्या प्रशिक्षण भागातल्या सुमारे ७८ टक्के आणि चाचणी भागातल्या सुमारे ७५ टक्के नोंदी दुबार असल्याचं २००९ मध्ये दाखवलं गेलं. दुबार नोंदी पाठ करून मिळवलेल्या गुणांना अर्थ नाही. नव्या संचांतही सापळे असतात: हल्ले एकाच आयपी पत्त्यावरून किंवा ठरावीक वेळेतच झालेले असतील तर मॉडेल तेवढंच शिकतं. पत्ता आणि वेळ हे रकाने काढून पुन्हा चालवा. आकडा धाडकन पडला तर काय शिकलं गेलं होतं ते कळेल.

विभागणी यादृच्छिक करू नका. जुन्या काळावर शिकवा, नंतरच्या काळावर तपासा. प्रत्यक्षातही भविष्य आधी पाहायला मिळत नाही. आणि एवढं केल्यावर आकडे खाली आले, तर ते खाली का आले हाच प्रबंधाचा चांगला विषय आहे.

फझिंगचा (प्रोग्रामला यादृच्छिक इनपुट देऊन दोष शोधण्याचा) प्रकल्प किती वेळ घेतो?

उभा करायला एक दिवस, नीट मोजायला महिना. एएफएल++ या फझिंगच्या टूलला सुरुवातीची उदाहरणं लहान द्या, शक्यतो १ केबीच्या आत, आणि फाइलच्या स्वरूपात चेकसम असेल तर तो तपास चाचणीपुरता काढून टाका; नाहीतर बदललेली प्रत्येक फाइल दारातूनच परत जाते. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचे दोष पकडणारी कंपायलरची सोय) लावल्यास वेग साधारण निम्मा होतो, पण एरवी न दिसणारे दोष सापडतात.

मूल्यमापनात दोन चुका नेहमीच्या. एकदाच चालवून निष्कर्ष काढणं, आणि क्रॅश मोजून त्यांना दोष म्हणणं. फझिंग यादृच्छिक असतं. २४ तासांची एक अशा अनेक फेऱ्या करा आणि फेऱ्यांमधला फरक दाखवा. एकाच दोषाचे शेकडो क्रॅश सहज पडतात, म्हणून दुरुस्ती लावून किती क्रॅश नाहीसे होतात ते पाहून दोष मोजा.

एखाद्या संकेतस्थळात भोक सापडलं. पुढे किती तपासू?

अजिबात नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि 'मी विद्यार्थी आहे' हा बचाव होत नाही. दोष आहे एवढं कळायला जेवढं घडलं तेवढ्यावर थांबा. इतरांची माहिती उतरवून 'पुरावा' गोळा करू नका. संस्थेने दोष कळवण्याचं धोरण प्रसिद्ध केलं असेल तर त्याप्रमाणे जा. नसेल तर आधी मार्गदर्शकांशी बोला, मग लेखी कळवा: कुठलं पान, कुठल्या पायऱ्या, काय परिणाम. दुरुस्तीसाठी वेळ द्या. सर्ट समन्वय केंद्राची (दोष कळवण्याचं काम पाहणारी अमेरिकी संस्था) मुदत ४५ दिवसांची आहे, गुगलच्या प्रोजेक्ट झिरो या दोष शोधणाऱ्या गटाची ९० दिवसांची. या दोन्हींच्या दरम्यान कुठेतरी बोलणी होतात. कळवताना बक्षिसाची मागणी करू नका. ती खंडणीसारखी वाचली जाते.

माणसांवर प्रयोग नसेल तर नैतिक समितीची परवानगी कशाला?

'माणसं नाहीत' हा निर्णय आपण स्वतः द्यायचा नसतो. २०२० मध्ये एका विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलकडे मुद्दाम सदोष पॅच पाठवले. तपासणारे ते पकडतात का, हे पाहायला. पॅच तपासणारी माणसंच होती, आणि त्यांना विचारलेलं नव्हतं. कर्नलच्या लोकांनी २०२१ मध्ये त्या विद्यापीठाकडून येणारं योगदान थांबवलं, स्वीकारलेला निबंध मागे घ्यावा लागला. फिशिंगच्या चाचण्या, लीक झालेल्या पासवर्डांचे संच, इंटरनेटभर पोर्ट स्कॅन या सगळ्यांसाठी आधी विचारा. समितीला वेळ लागतो, म्हणून अर्ज सेमिस्टरच्या सुरुवातीलाच टाका.

पदवी घ्यावी की प्रमाणपत्रं?

दोन्हींचा उपयोग वेगळा. ओएससीपीसारखी प्रमाणपत्रं प्रत्यक्ष हात चालतो का ते तपासतात. सीआयएसएसपी या प्रमाणपत्राला आठपैकी किमान दोन क्षेत्रांतला पाच वर्षांचा अनुभव लागतो. योग्य पदवी असेल तर त्यातलं एक वर्ष माफ होतं. त्यामुळे शिकत असताना त्याच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

कॅप्चर द फ्लॅगचा (मुद्दाम ठेवलेली भोकं शोधण्याच्या स्पर्धांचा) उपयोग होतो का?

होतो, विशेषतः रिव्हर्सिंग आणि एक्स्प्लॉइट लिहिण्याच्या सरावाला. फक्त एक सवय लागते ती मोडावी लागते: तिथे भोक आहेच हे आधीपासून माहीत असतं. संशोधनात ते असेलच असं नाही.

पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी (क्वांटम संगणकापुढेही टिकेल अशी) आत्ताच शिकावी का?

हो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-केईएम (किल्ली ठरवण्यासाठी), एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए (सहीसाठी) ही मानकं जाहीर केली. गणितात गोडी नसली तरी नेटवर्कच्या बाजूने इथे भरपूर काम आहे. आजवर वापरल्या जाणाऱ्या एक्स२५५१९ ची सार्वजनिक किल्ली ३२ बाइटांची. एमएल-केईएम-७६८ ची १,१८४. सही एड२५५१९ मध्ये ६४ बाइट, एमएल-डीएसए-६५ मध्ये ३,३०९. टीएलएसचा (वेबवरच्या सुरक्षित जोडणीचा) पहिलाच संदेश एका पॅकेटात मावेनासा होतो, आणि तो एकाच पॅकेटात येईल असं धरून लिहिलेली मधली उपकरणं अडखळतात. कुणी न लिहिलेलं आणखी एक गृहीतक.

प्रबंधासोबत कोड आणि डेटा देताना काय जपायचं?

रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर, दुसऱ्या कुणाला तरी, फक्त तुमच्या सूचना वाचून तो चालवायला द्या. पहिल्या प्रयत्नात तो सहसा चालत नाही: लायब्ररीची आवृत्ती लिहिलेली नसते, किंवा पाथमध्ये तुमच्या होम फोल्डरचं नाव अडकलेलं असतं. पॅकेट कॅप्चर देण्याआधी त्यात खरे आयपी पत्ते, कुकी किंवा पासवर्ड राहिलेत का ते पाहा. नुसते पत्ते बदलून आतला मजकूर तसाच ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे. चाचणीसाठी बनवलेली एखादी किल्ली रेपॉझिटरीत गेली असेल, तर फाइल खोडून भागत नाही, ती गिटच्या जुन्या कमिटांत शिल्लक राहते. इतिहास पुसत बसण्याआधी ती किल्ली रद्द करून नवी काढा.